रकान्यातलं ‘नाही’

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या मुख्याध्यापिका माननीय विनिता मॅडम, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आपले शिपाई रत्नपालमामा, त्यांच्या शेजारी बसलेल्या भावनावहिनी, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो, सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

मी नूतन, या शाळेची लिपिक. माइकवर बोलायची मला सवय नाही. पण आज बोलल्याशिवाय खाली बसणार नाही.

मामांविषयी काय सांगावं? तेहतीस वर्षं यांची घंटा कधी मिनिटभर चुकली नाही. चक्रीवादळात कार्यालयाचे पत्रे उडाले, तेव्हा आपल्या सगळ्यांची सेवापुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून यांनी डोक्यावरून ग्रामपंचायतीत नेली. स्वतःच्या घराची कौलं तेव्हा अंगणात पडली होती. त्या पुस्तकांसोबत माझ्या हातची एक चुकीची नोंदही सुखरूप राहिली.

त्याचं असं झालं. नऊ वर्षांपूर्वी मी मामांची एक वेतनवाढ दोनदा लावली. तेव्हापासून दरमहा पगार थोडा जास्त जात राहिला. निवृत्तीआधी सेवापुस्तक पडताळणीला गेलं आणि गेल्या सोमवारी पत्र आलं, एक लाख बारा हजार रुपये ग्रॅच्युइटीतून वसूल करावेत. वीस तारखेला वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ते याच पैशांवर ठरलंय. पत्र वाचून मामा एवढंच म्हणाले, “ताई, मी काय मागितला व्हता? आता लोकं म्हनतील, मामानं गपचूप खाल्ला.”

गपचूप? मामा, खुणा करून मला बसवू नका. आज बोलू द्या.

त्या महिन्याचा पगार झाला तेव्हा हे माझ्या टेबलाशी आले होते. “ताई, पगार जास्त आलाय व्हय? बघा ना जरा.” मी पाहिलंसुद्धा नाही. हसून म्हटलं, “मामा, सरकार कधी कुणाला जास्त देतं का? जा, पेढे आणा!” आणि मामांनी आणले. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ते खाल्लेत. मी दोन खाल्ले.

आता त्या पत्रासोबत एक तक्ता आलाय. त्यात रकाना आहे, ‘जादा रक्कम कर्मचाऱ्याने निदर्शनास आणली होती काय?’ काल मी तिथे लिहिलं, ‘नाही’. का लिहिलं? ‘होय’ लिहिलं की पुढचा प्रश्न मलाच येणार, मग तुम्ही काय केलंत? चौकशी लागेल, कदाचित वसुली माझ्याकडूनच होईल. माझी नोकरीची चार वर्षं राहिलीत. घाबरले हो मी.

मॅडम, ते पाकीट तुमच्या टेबलावर सहीसाठी ठेवलंय, उद्याच्या टपालाने जायचंय. कृपा करून ते मला परत द्या. मी तिथे ‘होय’ लिहीन, आणि घडलं तसं सगळं लिहून खाली माझं नाव घालीन. त्याने वसुली थांबेल की नाही, मला ठाऊक नाही. वहिनी, तुमच्याकडे बघून बोलायचा धीर होत नाही.

मामांना निरोगी आयुष्य लाभो. मला बोलायची संधी दिलीत, आपली आभारी आहे. बोलण्यात काही राहून गेलं असेल, मर्यादा सुटली असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने मला माफ करावं. मामांनी मात्र इतक्यात करू नये. आधी ते पाकीट माझ्या हातात येऊ दे.