सूनबाईचं बिनगव्हाचं पीठ

…आणि वर मलाच म्हणतात, "अगं, नुसतं पीठ तर मिसळायचंय!" नुसतं! तुम्हाला सांगते, हा 'नुसतं' शब्द ज्याने काढला ना, त्याला एकदा माझ्या स्वयंपाकघरात आणून उभा करा, हातात चाळणी द्या, नाकाला फडकं बांधा आणि मग बोल म्हणावं! ओटा पांढरा, मी पांढरी, आरशात बघितलं तर भुवयासुद्धा पांढऱ्या… म्हातारपणी कशी दिसेन ते फुकटात बघून घेतलं.

झालं काय, आमच्या सूनबाईला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे नखरा नाही हो, आजार आहे तो. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलंय, "आई, चिमूटभरसुद्धा पोटात जाता कामा नये." गेलं की बिचारी पोट धरून पडते. पोर गुणाची, तोंडातून तक्रार म्हणून नाही. लग्न होऊन आल्यापासून हिचे दोन वाढदिवस झाले, दोन्ही वेळा, घरी मी केक करत असूनही, हौसेने बाहेरून सजवलेला आणला, हिने कापला, हिने सगळ्यांना भरवला, आणि स्वतः काय खाल्लं? केळं! वाढदिवस हिचा आणि केळंही हिलाच! माझ्या घशाखाली केक उतरेना. तेव्हाच मनाशी ठरवलं, या खेपेला केक घरी करायचा आणि हिने तो पोटभर खायचा.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरं मग? नुसतं पीठ तर मिसळायचंय."

गेले दुकानात. म्हटलं, "गहू नसलेलं पीठ द्या." दुकानदार भला माणूस, म्हणाला, "मैदा देऊ?" म्हटलं, "अहो, मैदा गव्हाचाच असतो." "मग रवा न्या." "तोही गव्हाचाच!" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच ही अफवा पसरवतेय. शेवटी तांदळाच्या पिठाचं पाकीट दिलं. घरी येऊन चष्मा लावला, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय: 'याच कारखान्यात गहूही दळला जातो.' झालं! परत गेले. म्हटलं, "हे राहू दे, अख्खे तांदूळ द्या, आणि बटाट्याचा स्टार्च द्या." तर विचारतो कसा, "काकू, सुती साड्यांना ना?"

गिरणीत दळायची सोय नाही, तिथेही गहू. मग तांदूळ घरी धुतले, चादरीवर पंख्याखाली वाळवले, मिक्सरमधून काढले. मिक्सर थोडा वेळ फिरायचा की तापायचा, मग तो गार होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसायची आणि तो माझ्याकडे. दळायचं, चाळायचं, चाळणीत उरलेलं परत दळायचं… त्यात बटाट्याचा स्टार्च, त्यात साबुदाण्याचं पीठ, ते तर श्वास सोडला तरी उडतं! आणि त्यात तो एक गम. गव्हात जो चिकटपणा असतो ना, तो आणायला ही पांढरी पूड घालतात. जराशी ओट्यावर सांडली, मी ओल्या फडक्याने पुसायला गेले… अहो, निघेल ती कसली! ओटाभर बुळबुळीत शेंबूड झाला! पुसते आहे आणि वाढतो आहे, पुसते आहे आणि वाढतो आहे!

पहिला केक केला, गम कमी पडला. सुरी लावली आणि केकची वाळू झाली. आमचे हे चमच्याने खात म्हणाले, "चव आहे. फक्त केक नाहीये." दुसऱ्याला गम जास्त घातला. तो हातातून पडला आणि, खोटं नाही सांगत, उसळला! चिरंजीव म्हणाले, "आई, हा खायचा की खेळायचा?" आणि बापलेक एका सुरात, "एवढं काय त्यात, नुसतं पीठ तर मिसळायचंय!"

पण तिसऱ्यांदा जमलं बरं का! मऊ, हलका, फुललेला. मग मात्र मी कडक झाले. नवी चाळणी, नवा चमचा, नवा डबा. गव्हाच्या पिठाचा डबा बाहेरच्या खोलीत हद्दपार. ह्यांना तर बिस्कीट घेऊन स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचीही बंदी! "अगं, मी माझ्या घरात आहे का तुरुंगात?" "कुठेही असा, पण भुगा सांडू नका!"

आणि वाढदिवसाच्या दिवशी… ऐका आता. केकच्या भांड्याला लोणी लावलं, मिश्रण ओतलं, थोडं उरलं ते एका वाटीत काढलं, दोन्ही ओव्हनमध्ये ठेवलं. केक असा टम्म फुगला! भांडं पालथं घातलं, केक अलगद बाहेर, कुठे चिकटला नाही. सूनबाई नुकतीच कामावरून आलेली, केकभोवती फिरून फिरून बघतेय, डोळे पाणावलेले, आणि कडेला लागलेल्या पांढऱ्या पुडीकडे बघून हळूच विचारते, "आई… भांड्याला आतून काय लावलं होतंत?"

"लोणी."

"आणि त्याच्यावर?"

मी वळून बघितलं. ओव्हनशेजारी एक डबी असते माझी, झाकणाला भोकं पाडलेली. लोणी लावलं की ती भुरभुरवायची, म्हणजे केक चिकटत नाही. इतकी वर्षं हात आपोआप तिच्याकडे जातो, मला विचारतसुद्धा नाही! ती डबी माझ्या लेखी पीठच नव्हती हो, भांड्याची पावडर होती! आणि डबीत काय? मैदा!

मी तिथेच स्टुलावर बसले. सगळ्या घराला पहारा दिला, बिस्किटाचा कण आत येऊ दिला नाही, आणि माझ्याच हाताने… रडूच कोसळलं. सूनबाईने माझे डोळे तिच्या ओढणीने पुसले. म्हणाली, "आई, त्या वाटीला काय लावलंत?"

"काहीच नाही गं. घाईत तशीच ठेवली."

"मग झालं तर! बाहेर बोलायचं नाही हं, बाबांना चिडवायला आयतं कारण नको."

बाहेर केक कापला. हिने सगळ्यांना भरवला. आमचे हे चार तुकडे खाऊन म्हणाले, "गहू नाही हे कळतसुद्धा नाही!" आणि आम्ही सासूसुना आत आलो. दार लोटलं. वाटीतला केक असा चिकटला होता म्हणता, निघता निघेना! ही ओट्याला टेकून उभ्याउभ्या चमच्याने खरवडून खातेय. मेणबत्ती नाही, टाळ्या नाहीत, नुसता खरड् खरड् आवाज. वाटीचा तळ चकचकीत झाला, तेव्हा बोट फिरवून चाटलं आणि म्हणाली, "अजून आहे?"

मला विचाराल तर झालं सगळ्याचं चीज. इथे संपायला हवं होतं ना?

सकाळी हे उठले, पोटावरून हात फिरवला, चहात दोन टोस्ट बुडवून खाल्ले आणि म्हणाले, "काय सांगू तुला, कालपासून गहू बंद केलाय तर पोट कसं पिसासारखं झालंय! आता मलाही रोज तेच पीठ." मैद्याचा केक… चार तुकडे… वर टोस्ट! सूनबाईने ओढणी तोंडात कोंबली आणि आत पळाली. आता खरं बोलायचं तर माझीच चूक चव्हाट्यावर येते. बोलू काय?

तांदूळ भिजत घातलेत, चांगले पाच किलो.