शेपटीचा मालक

...नाही, पण मला एक सांगा, मी काय मांजर आहे का आडवं जायला? अहो, मालक आहे मी घोड्याचा! चॅम्पियन घोड्याचा! पेपरात त्याचं नाव येतं, टीव्हीवर तो येतो, ऐन जानेवारीत अख्खं इंग्लंड त्याला बघायला चिखल तुडवत जातं, आणि मी, ज्ञानेश्वर, ज्याचा घोडा तो मी, लंडनच्या पिनर उपनगरात, घरामागच्या गार्डनमध्ये, रीसायकलिंगची बिन, म्हणजे कचरापेटी, धूत उभा! का? तर माझा पायगुण वाईट! म्हणजे घोडा माझा, आणि बघायचा जगाने!

आता ‘माझा’ म्हणजे... हसू नका हं. अगदी सगळा माझा नाही. आमच्या ऑफिसातल्या वीस जणांनी मिळून घेतला. आमच्या महाराष्ट्र मंडळात सांगितलं तर लोक काय विचारतात? “वीस जणांत एक घोडा? मग तुझ्या वाट्याला काय, शेपटी?” तेव्हापासून सगळे मला शेपटीचे मालक म्हणतात! म्हणा! तुमच्याकडे शेपटी तरी आहे का?

तर घोड्याचं कागदावरचं नाव लॉर्ड फेदरस्टोन. आता या नावाने कुणाला हाक मारता येते का? तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा आम्ही त्याला बघायला गेलो ना, तिकडे खेड्यात, मिसेस पेनफोल्डच्या तबेल्यात... ही मिसेस पेनफोल्ड म्हणजे त्याची ट्रेनर, गमबूट घातलेली, आवाज असा की घोडेच काय, आमचे डायरेक्टरसुद्धा रांगेत उभे राहतात... तर बाकीचे सगळे हात हलवत आले. मला सांगा, पहिल्यांदा कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं असतं का? आपल्यात पद्धत आहे का तशी? मी आपला कोटाच्या खिशात गुळाचे खडे घेऊन गेलो. शेजारच्या हॅरोतल्या देशी दुकानातला गूळ, पिवळाधमक! म्हटलं, “ये रे बाळू.” आला! माझ्या तळहातावरून खडा उचलला, डोळे मिटले, आणि असा काही चघळला की मला वाटलं याचं आजोळ कोल्हापूरचंच असणार!

मग काय, दर रविवारी माझी फेरी. कुंपणाशी उभं राहायचं आणि हाक द्यायची, “बाळूऽऽ!” की तो मैदानाच्या त्या टोकावरून उधळत यायचा. एकदा मध्ये भलंमोठं गेट बंद होतं. तुम्हाला वाटेल थांबला असेल? छे! उडाला! वरून! आणि मिसेस पेनफोल्डच्या हातातला चहाचा मग तिथेच आडवा. “गुड लॉर्ड! ही कॅन जम्प!” तोवर त्याला सपाट शर्यतीत पळवायचा विचार होता हो! स्टीपलचेसला, म्हणजे वाटेत उंच उंच फेन्स आणि पलीकडे पाण्याचा खड्डा असल्या राक्षसी शर्यतीला, तो गेला कुणामुळे? माझ्यामुळे! आणि आज बघा. घोडा माझा, आणि बघायचा जगाने!

पहिली रेस. मी ट्वीडचा कोट, हॅट, गळ्यात दुर्बीण, नुसता थाट! आसावरी, म्हणजे आमची सौभाग्यवती, पैठणीवर पिसांची टोपी घालून आलेली. बाळू सुटला, पुढे, सगळ्यांच्या पुढे! मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “बाळूऽऽ!” आणि काय झालं कोण जाणे, तो एकदम डावीकडे वळला, आणि डेक्लन, आमचा आयरिश जॉकी, उजवीकडे गेला. सरळ झुडपात! बरं, होतं असं. दुसऱ्या रेसला मी आणखी जोरात प्रोत्साहन दिलं. बाळू फेन्ससमोर येऊन उभाच राहिला आणि बसच्या स्टॉपवर असल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. तिसऱ्या रेसला मी फ्लूने आजारी. घरी. बाळू जिंकला!

झालं! आसावरी म्हणाली, “अहो, एक बोलू का? रागावू नका. तुमचा पायगुण.” आता ही सीए झालेली बाई, लंडनमध्ये मोठमोठ्या कंपन्या तपासते, आणि पायगुण! आणि तिने हे इंग्रजांना समजावून सांगितलं! मला वाटलं, हसतील. कसले हसतायत! अहो, ती मिसेस पेनफोल्ड रस्त्यात एकटा मॅगपाय पक्षी दिसला की अपशकुन टळावा म्हणून गाडी थांबवून त्याला सलाम ठोकते, रेसला हिरवा कपडा घालू देत नाही. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “न्यानेश, डिअर, विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट... स्टे होम.”

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, तो जिंकतोय आणि मी घरी! बरं, टीव्हीवर बघू? तर आसावरीचा फोन, “नको हो, उगाच रिस्क कशाला?” टीव्हीवरून पायगुण लागतो का? वायफायवरून जातो का तो? पण नाही! रेस लागली की मी मागच्या गार्डनमध्ये. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, पावसात बिन धुऊन धुऊन अशी चकचकीत झाली की शेजारचे विचारतात कोणता साबण वापरता. आणि वरच्या खिडकीतून आमची अन्वी, जन्मापासून पिनरची, ओरडते, “बाबाऽ, तुझी घोडा जिंकली!” अगं, तुझा घोडा जिंकला! “हो, तेच, ती पहिला आला!” जाऊ दे!

आणि फोटो! जिंकल्यावर घोड्याला एका गोल जागेत आणतात, सगळे मालक त्याच्याभोवती उभे राहतात आणि फोटो निघतो. आमच्या घराची एक भिंत भरली त्या फोटोंनी. आसावरी आहे, अन्वी आहे, ऑफिसचे सगळे आहेत, एकात तर ऑफिसातल्या एकाची सासू आहे! मी? नाही! पाहुणे येतात, भिंत बघतात आणि मला विचारतात, “तुम्हाला घोड्यांची आवड नाही वाटतं?” घोडा माझा...! जाऊ दे.

मग या वर्षी मिसेस पेनफोल्डने जाहीर केलं, मार्चमधली मोठी रेस ही त्याची शेवटची. लॉर्ड फेदरस्टोन रिटायर होणार. एकदा हो! एकदाच मला त्याला जिंकताना बघायचं होतं. माझ्या डोळ्यांनी. आणि त्या फोटोत, अगदी कडेला, अर्धा कान आला तरी चाललं असतं!

मी घरी सांगितलं, केंब्रिजला कॉन्फरन्स आहे. आणि गेलो रेसकोर्सला! वेषांतर करून! डोक्यावर माकडटोपी, वरून मफलर, नाकापर्यंत घट्ट गुंडाळलेला. इंग्लंडच्या रेसकोर्सवर माकडटोपी! सिक्युरिटीवाल्याने दोनदा वळून बघितलं. शेवटच्या फेन्सच्या पुढे, रेलिंगला चिकटून उभा राहिलो. मफलरमध्ये श्वास कोंडतोय, तोंडातून शब्द फुटत नाही.

सुटले! पहिली फेन्स, पार! खड्डा, पार! बाकीचे धडपडतायत, एक पडला, दोन मागे राहिले, आणि माझा बाळू असा तरंगत येतोय! आणि मी तिथे! मी हजर आणि तो पुढे! माझ्या लक्षात आलं, अरे, पायगुण नाही! माझा पायगुण नाहीच मुळी! इतकी वर्षं मी विनाकारण बिन धुतली! शेवटची फेन्स, उडाला, पार! आता समोर फक्त हिरवळ आणि शेवटची रेघ! अहो, मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, मी मफलर ओढून काढला आणि गगनभेदी हाक मारली, “बाळूऽऽऽ!”

...थांबला.

कान टवकारले. मान वळवली. आणि बाकीचे घोडे धाडधाड त्याच्या बाजूने निघून जात असताना, माझा चॅम्पियन, टुकूटुकू चालत, सरळ माझ्यापाशी आला, रेलिंगवरून मान घातली आणि तोंड खुपसलं माझ्या कोटाच्या खिशात!

आणि बाळूचं कुरुमकुरुम सुरू! वरून डेक्लन वाकला, माकडटोपीत बघितलं आणि म्हणाला, “आह. इट्स युअरसेल्फ.” एक अधिकारी धावत आला, “सर! व्हॉट सब्स्टन्स इज दॅट?” म्हटलं, “जॅगरी, सर. ऑरगॅनिक!” मागून गमबूट आले. मिसेस पेनफोल्डने खाली वाकून गुळाचा चुरा बघितला, मला बघितलं, म्हणाली, “तू आलास त्या प्रत्येक रेसला ही हाक मारायचास?” म्हटलं, मारायचोच! आपल्या माणसाला प्रोत्साहन नको द्यायला? ती तिथेच चिखलात खाली बसली. आणि तिच्यामागे पैठणी. “अहो... तुम्ही केंब्रिजला होतात ना?” मग एकदा बाळूकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, “पाय कसले, सगळा दोष तोंडाचा!”

पण खरं सांगू? त्या क्षणी मला कुणाचं काही वाटलं नाही. सगळं जग पलीकडे ओरडत होतं, आणि तो शेवटची रेस सोडून माझ्यासाठी थांबला होता. मला रडूच आलं. रडलो मी, माकडटोपीत! आणि फोटो? आला ना! दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, पहिल्या पानावर! मी आणि बाळू, दोघंच. आता भिंतीच्या मधोमध तोच आहे.

आता तो मिसेस पेनफोल्डच्या मैदानातच आरामात चरतो. माझी बंदी उठली, म्हटलं आता रोज बघू! पण व्हेटने, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरने, त्याचं गोड बंद केलं. माझ्या डॉक्टरनेही माझं केलं, ते वेगळं! तर मी रिकाम्या खिशाने कुंपणाशी उभा राहतो, हाक मारतो, “बाळूऽऽ!” तो येतो, खिसा हुंगतो, माझ्या तोंडाकडे एकदा बघतो आणि गर्रकन वळून, गाजरं घेऊन उभ्या असलेल्या आसावरीकडे जातो. आणि माझ्यासमोर राहते ती फक्त शेपटी.

आता तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? वाटणीत माझ्याकडे तेवढीच तर आली होती!