मधल्या रांगेतली सीट

नणंद : हलू नकोस वहिनी. हललीस की पोटावरचा बार आणखी घट्ट होतो, असं म्हणाला ना तो बार लावणारा.

वहिनी : मी कुठे हलतेय? श्वास घेतेय फक्त. त्यालाही बंदी आहे का?

नणंद : बाकीचे सगळे उतरले. आपण दोघीच राहिलो गाडीत.

वहिनी : मला मान वळवता येत नाही. तूच सांग, किती जण बघताहेत?

नणंद : कोणी नाही गं.

वहिनी : छोटे, खरं सांग.

नणंद : रेलिंगपाशी आहेत थोडे. रोलर कोस्टरच्या रांगेतले. त्यांना सांगितलंय, यंत्रात बिघाड आहे.

वहिनी : बिघाड म्हणाले? सभ्य आहेत बिचारे. तुझा बार उघडलाय ना? मग तू उतर की.

नणंद : तुला इथे टाकून? आणि खाली दादाला काय तोंड दाखवू?

वहिनी : दादाला कळलं?

नणंद : कळलं असणार. खालून दिसतं सगळं.

(मेकॅनिक हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढून येतो.)

मेकॅनिक : सरका जरा, बघू द्या. ताई, कुठे दुखतंय का? पायाला मुंग्या?

वहिनी : पोटावर रुततोय. मुंग्या नाहीत अजून.

मेकॅनिक : असा कोणी लावला हा?

नणंद : तुमच्याच माणसाने. आधी बार लागेना. मग त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे खटका बसला. पण दिवा लालच, म्हणून गाडी सुटलीच नाही. आणि आता बार उघडतही नाही.

मेकॅनिक : दाबायचा नसतो. लागला नाही तर माणसाला उतरवायचं, असा नियम आहे.

वहिनी : ते उतरवतच होते मला. मीच म्हटलं, दाबा.

नणंद : वहिनी!

वहिनी : मग काय करू? सगळी गाडी खोळंबली होती माझ्यापायी. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

मेकॅनिक : खाली दाराशी नमुन्याची सीट ठेवलीय. तिच्यात बसून नाही बघितलं?

वहिनी : नाही.

मेकॅनिक : तिथेच कळलं असतं. आणि तसं वजनाचं काही नसतं हो याच्यात. बांधा कुठे रुंद आहे, त्यावर असतं. परवा एक काटकुळा माणूस परत पाठवला, नुसते गुडघे लांब म्हणून. शेवटच्या रांगेत दोन सीट मोठ्या केल्यात, तिथे आरामात मावला असतात तुम्ही. पाटीवर लिहिलंय.

वहिनी : पाटीसमोर माझा नवरा उभा होता.

मेकॅनिक : मग त्यांनी वाचलं असेल की.

वहिनी : वाचलं असेल.

मेकॅनिक : बरं, मी खालच्या बाजूने बघतो. घाबरू नका. वेळ लागेल थोडा.

नणंद : वहिनी, का गं नाही बसलीस त्या नमुन्याच्या सीटवर?

वहिनी : तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा. तुझा दादा म्हणाला, "आधी इथे बसून बघ, वर जाऊन फजिती नको." हळू नाही म्हणाला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांच्यासमोर मी त्यात बसायचं आणि बार लागतो का ते सगळ्यांनी बघायचं? मी सरळ जिना चढले.

नणंद : दादाचं बोलणंच तसं. त्याच्या मनात काही नसतं.

वहिनी : आमच्या जेवणाच्या टेबलाला माझी खुर्ची कुठली?

नणंद : भिंतीकडची, कोपऱ्यातली. तुला तिथे बरं वाटतं म्हणून.

वहिनी : कोण म्हणालं?

नणंद : दादाच.

वहिनी : मी बसले की तो टेबल आत सरकवतो. माझ्या पोटाला लागेपर्यंत. मग त्याचं जेवण होऊन तो उठेपर्यंत मला बाहेर निघता येत नाही. परत वाढून घ्यायला उठू नये म्हणून.

नणंद : मस्करीत करत असेल.

वहिनी : पहिल्यांदा मस्करीतच केलं. सगळे हसले. तूही होतीस.

नणंद : मी हसले?

वहिनी : मीही हसले.

नणंद : आणि अजून... रोज?

वहिनी : आता कोणी हसत नाही, एवढंच.

नणंद : मला कधी बोलली का नाहीस?

वहिनी : काय बोलणार? मारत नाही, शिव्या देत नाही. टेबल सरकवतो. ऐकणाऱ्याला तरी काय वाटणार?

नणंद : एवढं कधी बोलत नाहीस तू.

वहिनी : माहितेय. अडकलेय म्हणून बोलतेय. कामावर हेच करते मी. एमआरआयच्या नळीत माणूस सरकवला की त्याच्याशी बोलत राहायचं. हातात रबरी फुगा द्यायचा. सांगायचं, नकोसं झालं की दाबा, लगेच बाहेर काढते. त्या फुग्याच्या जिवावर माणूस निमूट पडून राहतो. बहुतेक जण दाबतही नाहीत.

मेकॅनिक : ताई, ऐका. खटका चक्राच्या दातात रुतून बसलाय. तो सोडवायचा तर बार आधी आणखी एकदा खाली दाबावा लागेल. किंचितच. पण दुखेल.

नणंद : आणखी खाली? जागाच कुठे आहे?

मेकॅनिक : श्वास पूर्ण सोडायचा. तुम्ही वरून दाबा, मी खालून ओढतो. एकदम.

नणंद : माझ्याच्याने नाही होणार.

वहिनी : होईल. तळहात टेकव इथे. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, बारकडे बघ. मी मान हलवली की दाब.

नणंद : सॉरी वहिनी. सॉरी.

वहिनी : दाब गं!

मेकॅनिक : अजून... अजून थोडं... सोडा! सुटला. सुटला बघा.

नणंद : वहिनी? बोल ना काहीतरी.

वहिनी : थांब. श्वास घेऊ दे.

मेकॅनिक : घ्या, सावकाश. उठायची घाई करू नका. तशीही ही गाडी तपासल्याशिवाय हलत नाही आता. मी आहे इथे खाली.

नणंद : केवढा वळ उठलाय. चल, खाली जाऊन बर्फ मागू. हात दे.

वहिनी : नको. जरा बसू दे. बार वर असला की चांगली आहे सीट. मोकळी आहे.

नणंद : फोन वाजतोय. दादाच आहे... हॅलो. हो, तिच्याजवळच आहे... थांब. वहिनी, तो विचारतोय, सुटली का?

वहिनी : सांग, नाही अजून.

नणंद : अगं, पण...

वहिनी : सांग ना.

नणंद : हॅलो, दादा? नाही, अजून नाही. मेकॅनिक आलाय. नको, तू वर येऊ नकोस. कोणाला येऊ देत नाहीत. आता किती वेळ लागेल ते नाही सांगता येत.