भाऊच्या कॉम्प्युटरवरचा हार

भाऊच्या ऑफिसात काय झालं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. माझा थोरला भाऊ जाऊन महिना होत आला होता. धुळ्याला त्याच्या ऑफिसात मी त्याचा जेवणाचा डबा आणायला गेलो, तर सगळे डोक्याला हात लावून बसलेले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी लाईट जाऊन आली, आणि तेव्हापासून राऊटर उठत नव्हता. राऊटर म्हणजे इथले कॉम्प्युटर जळगावच्या ऑफिसाला जोडणारी पेटी.

जळगावहून आलेले साहेब म्हणाले, "दिवा लागतो, पण याला स्वतःचा प्रोग्रामच सापडत नाही. भंगारात टाका."

भंगारात? भाऊनं ती पेटी लेकरासारखी सांभाळली होती. मी तोंड फिरवलं, तर समोर भाऊचा कॉम्प्युटर. बंद, आणि वर झेंडूचा हार.

"नाना, हा कोणी बंद केला?" मी म्हाताऱ्या शिपायाला विचारलं.

"मानूसच गया, मंग त्यानं मशीन कसाले चालू ठेवानं?"

माझं डोकं फिरलं. मी हार ओढून काढला आणि बटण दाबलं.

थोड्या वेळानं साहेब ओरडले, "उठला! राऊटर उठला!"

मग त्यांनीच उलगडा केला. राऊटरची स्वतःची मेमरी कधीच खराब झाली होती. चालू झाला की तो वायरीवरून हाक मारायचा, आणि भाऊचा कॉम्प्युटर त्याला प्रोग्राम पाठवायचा.

नानांनी खाली पडलेला हार उचलला. "आते हाऊ परत घालू का?"

"घाला," मी म्हणालो, "पण बटणाला हात लावू नका. भाऊला अजून हाका येतात."