शंकऱ्याची हिरवी बाटली

आता मला सांगा, दारूबंदीच्या दिवसांत अख्ख्या पनवेलमध्ये ॲबसिंथ, म्हणजे ती बडीशेपेच्या वासाची विलायती दारू, कुणाकडे असावी? आमच्या शेजारच्या शंकऱ्याकडे. त्याचा मेव्हणा बोटीवर होता. शंकऱ्या दारं लावून घ्यायचा, चहाच्या गाळणीत खडीसाखर ठेवून वरून थेंब थेंब पाणी सोडायचा, आणि खालची हिरवी दारू दुधासारखी पांढरी व्हायची. पूर्वी माझ्याकडे हातभट्टीची प्यायला येणारी मंडळी आता तिथे माना डोलवत बसायची. माझा नुसता जळफळाट.

शेवटी मीच जमवलं. हातभट्टीची, बडीशेपेचं तेल आणि सरबताचा हिरवा रंग. पाणी घातलं, तर झाली की पांढरी. सगळ्यांना बोलावलं आणि म्हटलं, "आमच्याही ओळखी आहेत बंदरावर."

मंडळी खूश. शंकऱ्याने मात्र एकच घोट घेऊन पेला खाली ठेवला. मग मला आतल्या खोलीत ओढून म्हणाला, "तेल कुठून आणलंस?"

"कसलं तेल?"

"अरे, माझी बाटली गणपतीतच संपली. तेव्हापासून मीपण हेच पाजतोय. फक्त तू तेल कमी घालतोस."

म्हणजे बनावट करण्यातसुद्धा तोच पुढे.