नलूबाई एकटीच आत गेली

आईला सगळं सांगितलं तर ती घाबरेल, असं शीलानं आईला न विचारताच ठरवलं होतं. म्हणून यवतमाळच्या कॅन्सर दवाखान्यात आई मैनाबाई बाहेर कडुलिंबाखाली होती आणि तिची फाइल घेऊन शीला आत बाकावर. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून नलूबाई लगबगीनं बाहेर आली आणि शीलाच्या शेजारी बसलेल्या नवऱ्यापाशी टेकली.

"काय म्हणे डॉक्टर?"

"सारं ठीक हाय म्हणे."

"अवं, पण तुही गाठ कमी झाली काय?"

"तुमी कायले टेन्शन घेता? चला, चहा घेऊ."

"नलू, मले सांगून काहून नाही राह्यली? जीव जाऊन राह्यला माहा."

"दिवाळीपासून तुमीच आत जात होते. बाहेर येऊन मले हेच सांगत होते."

"तुले भेव वाटू नाही म्हणून."

"त्याच्यानंच तं वाटे. आता आयका. गाठ अर्धी झाली. गेलेले केस वापस येतीन, हातापायाले मुंग्या येतीन, केमोच्या दोन सलाइन बाकी हायेत. डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं, म्या तीनदा इचारलं. आज पोटभर जेवतो मी."

"अर्धी? मंग आधी सांगाचं नं!"

"तुमी सांगतलं होतं काय?"

दारातून नर्सनं पुकारलं, "मैनाबाईचं कोण हाय?"

"थांबा ताई, तिलेच आणतो," म्हणत शीला लिंबाकडे धावली.