मामांनी कव्हर पारखलं

आमच्या लोह्याच्या मामांसोबत कधी खरेदीला जाऊ नका, राव. त्यांची मोटारसायकल अंगणात उघड्यावर असते. आधीचं कव्हर एका उन्हाळ्यात पापडासारखं तडकलं, म्हणून नवं घ्यायला मी त्यांना नांदेडच्या एका दुकानात नेलं.

शेठनं एक चकचकीत कव्हर पसरलं. "मामा, डोळे झाकून न्या. एकदम वॉटरप्रूफ. कितीबी पाऊस येऊ द्या, आत थेंब जायचा न्हाई."

"खरं?"

"जबान देतो की!"

"जबान ऱ्हाऊ द्या. तुम्ही हे पांघरून बसा, मी वरून पाणी टाकतो."

शेठ हसला. पण दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं कान देऊन ऐकून राहिली होती, आता माघार कशी घ्यावी? बिचारा बाहेर पायरीवर कव्हर पांघरून बसला. मामांनी शेजारच्या हॉटेलातून भरलेली बादली आणली.

"मामा, जरा सबुरीनं," मी म्हणालो.

मामांनी सबुरीनंच ओतली. बरोबर शिवणीवर धार धरून, अख्खी बादली.

"कसं काय, शेठ?"

कव्हराखाली नुसती चुळबुळ.

"शेठ?"

"थांबा मामा, थांबा!"

शेठ बाहेर आला तो निथळत. कुणाकडं न बघता थेट दुकानामागं गेला, स्वतःच्या गाडीवरचं कव्हर काढलं आणि आणून मामांच्या हातात दिलं.

"हे न्या. हे लई पक्कं हाय."

मामांनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"बरं," ते म्हणाले, "बसा परत."